बार्लीची सातची गोळी

१४ ऑक्टोबर, मंगळवार
जनावरांच्या डॉ. पेनरबाईंनी बार्ली बोक्याच्या पोटाची सोनोग्राफी केली. आतड्याची भिंत जाड झालीय म्हणाल्या. जुनाट सूज. म्हणून तीन महिने ओकतोय आणि हडकतोय. वय चौदा. वजन तीन किलो शंभर ग्रॅम, पूर्वी साडेपाच होतं. उपाय: स्टेरॉइडची गोळी, रोज सकाळी एकाच वेळी, बहुतेक जन्मभर. शिवाय सशाच्या मांसाचं डब्यातलं खाणं. दुसरं काही नाही.

स्टेरॉइड म्हटल्यावर बरं वाटलं. पैलवान घेतात ते. बार्लीचे दंड फुगतील का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, ते वेगळं हो, मिस्टर बोयचुक. यानं सूज उतरते. दंड नाही फुगणार, फार तर भूक वाढेल आणि तहान. मग म्हणाल्या, एक मात्र लक्षात ठेवा, मनानं बंद करायची नाही. कमी करायची वेळ आली तर मी सांगेन तशी, हळूहळू. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं धान्याच्या गोदामाचा मॅनेजर होतो, सूचना पाळायची सवय आहे.

घरी येताना ठरवून टाकलं. बार्ली वीस वर्षं जगणार. मार्लिस दीड वर्षापूर्वी मला सोडून गार्नेटकडे गेली, तेव्हा त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांजर चालत नव्हतं, म्हणून बोका माझ्याकडे राहिला. आता त्यांनी घर घेतलंय. दोनदा निरोप आला की बार्लीला पाठव. पाठवत नाही. गार्नेट माझ्याच कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, टीमचा कप्तान. अकरा वर्षं त्यानं सोडलेल्या दगडापुढे मी बर्फावर झाडू मारला, आणि त्यानं माझं घर झाडून नेलं.

बायको नेली, ठीक आहे. बोका मिळणार नाही. बार्ली हाच माझा सूड, आणि सूड धडधाकट पाहिजे.

१५ ऑक्टोबर, सकाळी ७.००
गोळी चीजच्या तुकड्यात घालून दिली. चीज गेलं. गोळी बशीत, चाटूनपुसून स्वच्छ. चीज पथ्यात नाही हे नंतर आठवलं. एकदा चालतं.

७.२०
लोण्यात. तोच रिझल्ट. लोणीही पथ्यात नाही.

७.४५
गोळी अर्धी विरघळली. उरलेली माझ्या बाहीला. उद्यापासून पद्धतशीर.

१६ ऑक्टोबर
पद्धतशीर. बार्लीला टॉवेलात गुंडाळलं, नुसतं डोकं बाहेर. दवाखान्यातून मिळालेल्या पुस्तिकेत चित्र आहे, त्यातलं मांजर हसतंय. आमचं हसलं नाही. अंगठा चावला. हाडापर्यंत.

शेजारची स्टेफ्का वोलोशिन नेमकी बीटचं सूप घेऊन आली. एक्याऐंशी वर्षांची आहे पण नजर घारीची. अंगठा बघून म्हणाली, ओरेस्ट, बाळा, औषध तू त्याला देतोयस की तो तुला? मी अंगठा खिशात घातला. ही मार्लिसच्याच चर्चमध्ये जाते. हेर आहे.

ज्यांच्यावर सूड घ्यायचा त्यांची यादी सुरू केली. १. गार्नेट. २. मार्लिस. ३. स्टेफ्का. ४. पुस्तिका छापणारे.

२३ ऑक्टोबर
जमलं. गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटायचं, गळ्यावरून बोट फिरवायचं. बार्ली गिळतो, माझ्याकडे प्रेमानं बघतो, उठतो, शांतपणे सोफ्यामागे जाऊन बसतो. बहुधा औषधाचा गुण. माझ्या हाताला मुळातच कसब आहे. मार्लिसनं कधी ओळखलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मार्लिसचा फोन. चर्चमधून कळलंच. विचारलं, बार्ली कसा आहे? म्हटलं, उत्तम. वाघ झालाय. ती म्हणाली, गोळ्या घेतोय का नीट? तो गालात धरून ठेवतो बरं का, त्याला लहानपणापासून खोड आहे. म्हटलं, तुझ्याकडे धरत असेल. माझ्याकडे गिळतो. ती म्हणाली, बरं, तुझी तब्येत? मी फोन ठेवला. तिला लागलं असणार. ठेवताना आवाज मोठा यावा म्हणून मुद्दाम जुना, तारेचा फोन वापरला.

१२ नोव्हेंबर
तपासणी. दोन किलो नऊशे. म्हणजे कमीच. डॉ. पेनर म्हणाल्या, गोळी पोटात जातेय ना, नक्की? मी म्हटलं, बाई, हा माझा अपमान आहे. त्या म्हणाल्या, अपमान नाही हो, प्रश्न आहे. मी दुसरा डॉक्टर बघणार आहे. यादीत पाचवं नाव.

१३ नोव्हेंबर
टीव्हीचा रिमोट सापडेना म्हणून सोफा सरकवला. मागे एकोणीस गोळ्या. काही अख्ख्या, काही चोखून बारीक झालेल्या. एका ओळीत. बार्ली शेजारी उभा राहून त्यांच्याकडे असा बघत होता, जणू माझ्या खिशातून पडल्यात.

हा विश्वासघात आहे. आजपासून त्याच्याशी बोलणं बंद. नुसतं खाणं ठेवायचं, पाणी ठेवायचं, शी-शूच्या खोक्यातली माती बदलायची, संबंध संपला. त्याला कळू दे.

दुपारी ओकला, मग थंड फरशीवर आडवा झाला. पाठीचे मणके मोजता येतात. चाळीस मिनिटांनी बोललो. तेवढं पुरे, मुद्दा त्याच्यापर्यंत पोचला.

२० नोव्हेंबर
डॉ. पेनर यांनी (दुसरा डॉक्टर शंभर मैलांवर आहे) तेच औषध पातळ करून दिलं. कोंबडीच्या वासाचं. बिनसुईच्या सिरिंजनं गालात सोडायचं. सोडलं. बार्लीनं मान झटकली. स्वयंपाकघराची भिंत, पडदा, माझा चष्मा. त्याच्या तोंडात शून्य. त्यानं माझा चष्मा मात्र चाटला, म्हणजे वास आवडला असावा. हे प्रगतीचं लक्षण.

२ डिसेंबर
नवा शोध. सशाच्या मांसाच्या तीन बारीक गोळ्या वळायच्या. पहिली रिकामी. दुसरीत औषध, पुन्हा गोळीच. तिसरी रिकामी, ती लगेच नाकासमोर धरायची. तिसरी मिळावी म्हणून बोका दुसरी न चावता गिळतो. स्टेफ्का मागच्या आठवड्यात असं काहीतरी पुटपुटत होती, तिच्या आईची म्हातारी मांजर की काय. पण कल्पना माझी.

२१ डिसेंबर
सलग एकोणीस दिवस. सोफ्यामागे रोज बॅटरी लावून बघतो, काही नाही. ओकारी बंद. भूक अशी की काल माझ्या सॉसेजच्या दिशेनं टेबलावर चढला. चढला. सप्टेंबरपासून खुर्चीवरही चढत नव्हता. पाणी भरपूर पितो, माती दिवसातून दोनदा बदलावी लागते. तीन किलो सातशे.

सुडाची वेळ जवळ येतेय.

७ जानेवारी, बुधवार
आमचा, जुन्या युक्रेनी पंचांगाचा ख्रिसमस. बार्लीला लाल रिबीन बांधून खिडकीत बसवलं. उन्हात फोटो काढला. अंग भरलंय, केस चकाकतात. वजन चार किलो शंभर. फोटो मार्लिसला पाठवला. खाली लिहिलं, आम्ही दोघं मजेत आहोत. "दोघं" खाली रेघ मारणार होतो, फोनवर जमलं नाही.

हा फोटो बघून ती जळणार. गार्नेटच्या गळ्याशी घास अडकणार. सणाचे बारा पदार्थ करायचा विचार होता, पाव आणि सॉसेजवर भागवलं. सूड घेतल्यावर भूक लागत नाही.

८ जानेवारी
मार्लिसचं उत्तर. लिहिते, ओरेस्ट, फोटो बघून मला रडूच आलं. किती छान सांभाळलंस. गार्नेटनं फोटो फ्रिजवर लावलाय. देव तुझं भलं करो.

तीनदा वाचलं. कुठेही जळल्याची खूण नाही. लपवत असणार.

१८ जानेवारी
विचार केला. मार्लिस एवढी निश्चिंत का? कारण तिला वाटतं, गुण डॉक्टरचा आणि गोळीचा. उद्या बार्ली गोळीशिवाय ठणठणीत राहिला की मान्य करावंच लागेल की गुण माझा. शिवाय त्याची तहान बघवत नाही. शिवाय तो बरा झालाय. बरं झालेल्याला औषध कोण देतं? पेनरबाई सावध बोलतात, तो त्यांचा धंदा आहे. मला बोका समोर दिसतो.

आजपासून गोळी बंद. कोणाला सांगितलं नाही. एकदम महिनाभरानं सांगेन, चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर.

२२ जानेवारी
चार दिवस गोळी नाही. बार्ली उत्तम. माझंच बरोबर होतं.

२७ जानेवारी
थोडा सुस्त. बाहेर उणे चौतीस आहे, मीही सुस्तच आहे. खाणं अर्धं टाकलं. डब्याचा लॉट बदललाय, त्यामुळे.

२९ जानेवारी
एकदा ओकला. केसांचा गोळा असेल. गोळा दिसला नाही, पण असेल.

शनिवारी स्पर्धा. यंदा मी शेजारच्या कामसॅक गावाच्या टीमकडून खेळतोय, मुद्दाम, गार्नेटच्या विरुद्ध. त्याचा कुठला दगड डावीकडे वळतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. अकरा वर्षांची माहिती शत्रूच्या हाती दिलीय.

३१ जानेवारी, शनिवार (लिहितोय रविवारी दुपारी)
जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी बार्ली बाथरूममध्ये टबाच्या मागे होता. हाक मारली, कान हलला. म्हटलं, झोपू दे. स्टेफ्काला किल्ली दिली, दुपारी एकदा डोकावून ये म्हटलं. ती म्हणाली, तू थांब ना घरी. मी म्हटलं, आज दीड वर्षाचा हिशेब आहे.

सहाव्या डावात आम्ही एकनं पुढे होतो. गार्नेटचा चेहरा पडला होता. असा चेहरा मी किती रात्री डोळ्यांपुढे आणला असेल. तेवढ्यात क्लबच्या ऑफिसातली मुलगी काचेवर टकटक करायला लागली. फोनवर स्टेफ्का. रडत होती. ती कधी रडत नाही, नवऱ्याच्या वेळीही रडली नव्हती. म्हणाली, ओरेस्ट, हा उठत नाहीये. अंग गार लागतंय. मान टाकलीय रे त्यानं.

मी झाडू तिथेच टाकला आणि पार्किंगमध्ये पळालो. पिकअप सुरू होईना. इंजिन गरम ठेवायची वायर मी सॉकेटला लावलीच नव्हती, घाईत. बाहेर वाऱ्यानं बर्फ असं उडत होतं की समोरचा खांब दिसेना. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय. दार उघडलं. गार्नेट. खेळ सोडून आलेला, पायात कर्लिंगचे बूट तसेच. म्हणाला, माझ्या गाडीत बस. मी म्हटलं, तुझ्या गाडीत मी मेलो तरी बसणार नाही. तो म्हणाला, मग मर, पण आधी बोक्याला पोचवू.

बसलो.

घरी गार्नेटनं टबामागे हात घातला, बार्लीला अलगद काढलं, स्वतःच्या जॅकेटच्या आत छातीशी धरलं आणि चेन लावली. मला म्हणाला, तू चालव, माझे हात गुंतलेत. म्हणून त्याची गाडी मी चालवली. वाटेत तो बार्लीशी बोलत होता, बारीक आवाजात, वासराशी बोलतात तसं. निघताना ओट्यावरची औषधाची बाटली त्यानं उचलून घेतली होती.

डॉ. पेनर यांनी सलाईन लावलं, पोट दाबून बघितलं. विचारलं, गोळी चालू आहे ना? मी म्हटलं, हो. म्हणजे, मधे एकदोन दिवस संपल्या होत्या. बाटली गार्नेटच्या हातात. हलवली तर खुळखुळा वाजावा इतकी भरलेली. त्यानं ती खिशात घातली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. काही बोलला नाही.

ते मला फार लागलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, हे बघा, मी रागावणार नाही. इतके दिवस बाहेरून दिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम तोडलं तर जनावर कोसळतं. शेवटची गोळी कोणत्या तारखेला दिली, त्यावर आता काय द्यायचं ते ठरणार आहे. खरं सांगा.

मी म्हटलं, सतरा जानेवारी. दोन आठवडे झाले. मीच बंद केली. गार्नेटसमोर म्हटलं.

बाई उठून आत गेल्या. आम्ही दोघं बाकावर बसलो. तासभर. मी मध्येच विचारलं, मॅच कोण जिंकलं असेल? तो म्हणाला, दोन्ही टीमचा एकेक माणूस पळाला, त्यांनी बहुतेक कॉफी घेतली असेल.

३ फेब्रुवारी
बार्ली घरी. डोळे उघडे आहेत. दूध पिणाऱ्या पिल्लाएवढं म्याव केलं. गोळी पुन्हा रोज, आणि यापुढे तो असेपर्यंत.

४ फेब्रुवारी, सकाळी ७.००
तीन मांसगोळ्यांची युक्ती संपली. ओकारीच्या दिवसांत त्याला सशाच्या मांसाची शिसारी बसलीय, वासानं तोंड फिरवतो. सिरिंजनं भरवलेलं हरणाच्या मांसाचं पातळ खाणं तेवढं घेतो, त्यात गोळी घातली की तेही नाही. तोंड उघडून टाकायला गेलो तर माझेच हात थरथरायला लागले. चावेल म्हणून नाही. त्याचा जबडा हातात इतका हलका लागतो.

७.३०
अजून नाही.

७.५०
गार्नेटला फोन केला. फक्त विचारायला, की गुरांना गोळी कशी देतात. तो पाच मिनिटांत दारात. बार्लीच्या डोक्यावर पंजा ठेवला, एका बोटानं जबडा उघडला, गोळी टाकली, नाकावर फुंकर मारली. बार्लीनं गिळली. चार सेकंद. दोनशे गुरं पाळली म्हणाला, मांजर म्हणजे छोटं, रागीट वासरू.

कॉफी विचारली नाही. तेवढा बाणा ठेवलाय.

११ फेब्रुवारी
गार्नेट रोज सातला येतो. मी पावणेसातला दाराचं कुलूप काढून ठेवतो, म्हणजे मला उठून उघडायला नको. हा सुडाचाच भाग आहे. तो उणे तीसमध्ये रोज गाडी काढतो, काचेवरचं बर्फ खरवडतो, माझ्या बोक्यासाठी. त्याला राबवून घेतोय. कळत नाही त्याला.

१९ फेब्रुवारी
आजपासून कॉफी देतो. पाणचट करून. तो म्हणाला, अगदी मार्लिस करते तशी आहे. यादीत त्याच्या नावापुढे आणखी एक फुली.

बार्ली तीन किलो तीनशे.

२८ फेब्रुवारी
गार्नेटनं गोळी दिली आणि बसला. बार्ली उठला, आळोखेपिळोखे दिले, चालत गेला आणि गार्नेटच्या मांडीवर चढला. मी पेपर वाचत होतो. एकच पान वीस मिनिटं वाचलं.

तो गेल्यावर बार्लीला म्हटलं, तुला लाज वाटत नाही. त्यानं माझ्या मांडीवर येऊन झोप काढली. तीच ऊब, तेच केस. म्हणजे वाटून घेतोय आम्हाला.

७ मार्च
ठरवलं. हे थांबवायचं. हात आता स्थिर आहेत. गेल्या आठवड्यात तीनदा मीच गोळी दिली, गार्नेट नुसता बघत होता. त्याच्या मते दोनदाच. पुढच्या गुरुवारी त्याला दारातच सांगणार, की झालं, उद्यापासून येऊ नकोस. आणि मग दीड-दोन वर्षं मनात साठलेलं सगळं. त्याला, त्याच्यामार्फत मार्लिसला. मुद्दे काढलेत. सतरा मुद्दे. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. नववा मुद्दा म्हणताना आवाज चढतो, तो असू द्यायचा.

१२ मार्च, गुरुवार, सकाळी ८.१५
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. सातला पाच कमी असताना दारात उभा राहिलो. पायऱ्यांवर पावलं वाजली. छाती भरून श्वास घेतला आणि दार उघडलं.

मार्लिस.

म्हणाली, गार्नेटची पाठ धरलीय, अंथरुणातून उठता येत नाही. म्हणून मी आले. चालेल ना?

समोरासमोर दोन वर्षांनी. केस आखूड केलेत. सतरा मुद्दे, आणि ज्या माणसासाठी मुळात होते तेच समोर. पहिल्या मुद्द्याचा पहिला शब्द आठवेना.

ती बूट काढून सरळ स्वयंपाकघरात गेली. बार्लीनं तिचा हात हुंगला, मग डोकं तिच्या मनगटात खुपसलं. ती काही वेळ तशीच वाकून उभी राहिली, पाठ माझ्याकडे. मग गोळी घेतली. तीन सेकंद. गार्नेटपेक्षाही एक कमी. म्हणाली, बारा वर्षं याला जंताच्या गोळ्या मीच देत होते. तू गोदामात असायचास.

मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्याला जंत होत नाहीत.

कॉफी दिली. पाणचट केली नव्हती, विसरलो. ती म्हणाली, तू वाळलास रे. जेवतोस ना नीट? म्हटलं, बार्ली तीन किलो सहाशे आहे. ती म्हणाली, मी तुझं विचारते आहे. म्हटलं, हो, डॉक्टर म्हणाल्या, चारपर्यंत जाईल.

कप धुवून पालथा ठेवला. निघताना दारात थांबली. म्हणाली, ओरेस्ट, तुला काही बोलायचं होतं का? मघाशी दार उघडलंस तेव्हा तसं वाटलं.

म्हटलं, हो. उद्या कोण येणार?

ती म्हणाली, तुला कोण हवंय?

म्हटलं, कोणीही चालेल. फक्त सातच्या आत या.